विषय नको, वस्तू घ्या
डायरी लिहायला रोज एक ठरलेला विषय घ्यावा का? 'रोजचा विषय घेऊन बसलं की शाळेतला निबंध होतो' असं काही जण म्हणतात. होतो खरा, पण विषय 'आनंद', 'आठवणी' असा गुळगुळीत असला की. वस्तू घेऊन बघा. मला एकदा विषय म्हणून 'किल्ली' आली. डायरीत लिहिताना आठवलं, ड्रॉवरमध्ये एक किल्ली पडून आहे. तिचं कुलूप कधीच गेलं, तरी ती टाकवत नाही. दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद 'मी'च्या जागी 'ती' घालून लिहिला, आणि तिसऱ्या ओळीलाच ती बाई माझं ऐकेनाशी झाली! कथा तिथून सुटली.

वेळ मात्र घड्याळ लावून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या लेखनाच्या प्रयोगात विद्यार्थी रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस लिहीत होते. सुरुवातीला तेवढं पुरे. विषय नाहीच भावला, तर त्याच्याशी कागदावर भांडा.