आडवी बाटली: गैरहजर बाईचं मत उभ्या बाटलीला का?

बीडची लेक: आमच्या गावात देशी दारूचं दुकान बंद करायचं का, यावर बायकांचं मतदान झालं, तेव्हा मी शाळेच्या पडवीत दिवसभर बसून होते. चिठ्ठीवर दोनच चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. कडेवर पोर घेतलेली एक बाई शिक्का मारून बाहेर आली नि म्हणाली, "आता तरी रातीला झोप लागंल." आडवीला उभीपेक्षा कितीतरी जास्त मतं पडली. दुकान तरीही चालूच आहे.

कारण 2008 चा नियम. पडलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला हवीत. 800 नावं असतील तर 401. त्यातल्या कितीतरी ऊसतोडीला गेलेल्या, काही सासरी, काही देवाघरी. ही सगळी नावं आपसूक उभ्या बाटलीच्या पारड्यात. सरपंच, आमदार पडलेल्या मतांवर निवडून येतात, मग इथंच वेगळा हिशेब का? पडलेल्या मतांचं बहुमत धरा, आणि तोडणीच्या हंगामात मतदान ठेवू नका.

चंद्रपूरकर: ताई, कळकळ पटते, उपाय पटत नाही. आमच्या जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 ला दारूबंदी आली, 2021 मध्ये उठली. मधल्या काळात आमच्या गल्लीत शाळकरी पोरं दप्तरातून बाटल्या पोचवायची. दुकान गेलं की पिणारा थांबत नाही, चोरट्या मालाकडे वळतो. 2015 मध्येच मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. एका दिवसाच्या रागावर परवाना जाऊ नये, अट कडकच हवी.

बीडची लेक: दादा, मी जिल्हा बंद करा म्हटलेलं नाही. एक दुकान, तेही शाळेच्या वाटेवरचं. आणि एका दिवसाचा राग कसला? मतदान मागायलाच आधी 25 टक्के बायकांच्या सह्या लागतात. आमच्याकडे त्या सह्यांपायी दोघींनी नवऱ्याचा मार खाल्लाय.

सातारचा: नियम बदला, पण आहे तो कायदा तरी पाळा. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याकडे परवाना हवा, कडक दारूला वय 25 हवं. मला आजवर एकाही दुकानात कुणी परवाना विचारलेला नाही. हातभट्टीवर धाडी नसतील, तर चंद्रपूरकरांची भीती खरी ठरेल.

बीडची लेक: धाडी हव्यातच. वारलेल्यांची नावं यादीतून काढायला आम्ही अर्ज दिलेत. पण तोडीला गेलेल्या बायकांची नावं कशी काढणार? त्यांनाच तर दुकान बंद हवंय.