प्रति: नर्सबाईंचा निवृत्ती सत्कार

तुमच्या गावच्या नर्सबाई निवृत्त होतायत, त्यांच्या सत्कारासाठी शाल, श्रीफळ आणि आमदारांच्या हस्ते सन्मानचिन्ह असा बेत तुम्ही मांडलाय. सत्काराला माझा विरोध नाही, जोरात करा. पण भाषणं पाहुण्यांऐवजी गावातल्या बायकांना करू द्या. मैदानी भागात 5,000 आणि डोंगराळ-आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, म्हणजे नर्सबाई जिथून काम करतात ते गावपातळीवरचं सरकारी केंद्र, हा सरकारी निकष. एवढ्या वाड्या-तांड्यांवर गळ्यात लसींचा डबा अडकवून, आतले आइसपॅक वितळायच्या आत पोचणं म्हणजे काय, हे त्या बायकांनी पाहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी काढली नाही. आमच्याकडे बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आमच्या नर्सबाई त्याआधी तांड्यावर जाऊन लेकरांच्या राहिलेल्या लसी देत, माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात ठेवत आणि पुढची लस कधी घ्यायची ते तिच्याकडून वदवून घेत. कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर गेली, मुकादमाचा नंबर काय, कोणत्या बाईचे दिवस भरत आलेत, हे सगळं त्यांच्या स्वतःच्या वहीत. सरकारी रजिस्टरात यातलं बरंचसं नसतं. निवृत्त होताना त्यांनी ती वही नव्या सिस्टरकडे दिली आणि तिला बरोबर घेऊन घरोघर ओळख करून दिली. तुमच्या नर्सबाईंनाही आत्ताच विचारा. नवीन सिस्टर रुजू झाल्या असतील तर कार्यक्रमाच्या आधीच दोघींची एक फेरी होऊ दे, गाडीची सोय ग्रामपंचायतीने करावी.