मदत हवी आहे: निवडणुका हरणाऱ्या जमात-ए-इस्लामीचा पाकिस्तानवरचा प्रभाव मोजायचा कसा?

मंडळी, आमच्या अभ्यास मंडळात पुढच्या महिन्यात मला पाकिस्तानच्या जमात-ए-इस्लामी या धार्मिक पक्षावर बोलायचं आहे. विषय मीच मागून घेतला. मी छत्रपती संभाजीनगरचा, आणि या पक्षाचे संस्थापक अबुल आला मौदूदी यांचा जन्म १९०३ साली इथलाच. पक्ष निघाला १९४१ साली लाहोरला. आमच्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांचं मत आधीच ठरलेलं असतं. मला मतांआधी घटना मांडायच्या आहेत.

अडलंय ते इथे. १९७० च्या निवडणुकीत राष्ट्रीय सभेच्या (म्हणजे पाकिस्तानच्या संसदेतल्या लोकसभेसारख्या सभागृहाच्या) ३०० जागांपैकी जमातला मिळाल्या ४. २००२ साली मुत्तहिदा मजलिस-ए-अमल या धार्मिक पक्षांच्या आघाडीतून बरं यश आलं, पण २०२४ मध्ये राष्ट्रीय सभेत एकही जागा नाही. दुसरीकडे पाहावं तर राज्यघटनेची इस्लामी दिशा ठरवणारा १९४९ चा उद्दिष्टांचा ठराव, १९७४ ची अहमदिया पंथीयांना बिगरमुस्लिम ठरवणारी घटनादुरुस्ती, इस्लामी शिक्षा लागू करणारे १९७९ चे हुदूद कायदे. जमात ज्या दिशेला बोट दाखवत होती, त्याच दिशेला देश सरकत गेला. एवढ्या थोड्या मतांवर हे कसं घडलं? 'सगळं जमातनेच केलं' हे मला पटत नाही, आणि 'मतं नाहीत म्हणजे वजन नाही' हेही नाही.

शिवाय १९५७ ची जमातची माछी गोठची बैठक. निवडणूक लढवायची की आधी समाज घडवायचा, या वादातून अमीन अहसन इस्लाहींसारखे ज्येष्ठ बाहेर पडले. मौदूदींनी तेव्हा निवडणुकीची वाट धरली ती चूक होती का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

चांगला प्रश्न. एक गोष्ट आधी तपासून घ्या. उद्दिष्टांचा ठराव मांडला पंतप्रधान लियाकत अली खान यांनी, आणि उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) बाजूने घटना समितीत किल्ला लढवला शब्बीर अहमद उस्मानींनी. ते जमातचे नव्हेत. मौदूदी तर त्या वेळी तुरुंगात होते. बाहेर इस्लामी राज्यघटनेसाठी मोहीम जमातने चालवली, हे मात्र खरं.

माझ्या मते मोजमाप जमातच्या जागांत नको, तिच्या विरोधकांच्या निर्णयांत शोधा. १९७४ ची दुरुस्ती पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंच्या बहुमताच्या संसदेने केली. १९७७ च्या भुट्टोविरोधी आंदोलनात, ज्यात जमात पुढे होती, भुट्टोंनीच दारू-जुगारावर बंदी घातली आणि शुक्रवारची सुट्टी जाहीर केली. खुर्ची तरीही गेली. मागणी जमातने रस्त्यावर आणायची आणि घाबरलेल्या सरकारने ती मान्य करायची, हे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसेल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण भुट्टोंना हटवून सत्तेवर आलेले लष्करशहा झिया-उल-हक यांचा काळ विसरू नका. १९७८ मध्ये जमातचे लोक त्यांच्या मंत्रिमंडळात होते. किंमतही मोजावी लागली: १९८४ साली झियांनीच विद्यार्थी संघटनांवर बंदी आणली, आणि इस्लामी जमियत-ए-तलबा ही तर जमातची तरुण फळी. पुढे कराचीही एमक्यूएमच्या (मुहाजिरांच्या पक्षाच्या) हाती गेली. ज्या शहरात जमातचे अब्दुल सत्तार अफगाणी महापौर होते, ते शहर.

आणि मौदूदींना हुकूमशाहीचे पाठीराखे एवढंच म्हणू नका. १९६५ साली लष्करशहा अयूब खानांच्या विरोधात जमातने महंमद अली जिनांच्या भगिनी फातिमा जिनांना पाठिंबा दिला होता. एका स्त्रीला राष्ट्राध्यक्षपदासाठी! मंडळात यावर नक्की प्रश्न येईल, तयारी ठेवा.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उस्मानींचा मुद्दा माझ्या टिपणात नव्हताच, आता मांडणीच बदलतो: आधी जमातच्या मागण्या, मग त्या कुणी, कोणत्या अडचणीत असताना मान्य केल्या. फातिमा जिनांचा प्रसंग स्वतंत्र घेतो.

आणखी एक विनंती. उद्दिष्टांच्या त्याच ठरावाला घटना समितीत श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांनी विरोध केला होता. पूर्व बंगालच्या हिंदू सदस्यांचं म्हणणं त्यातून कळतं, म्हणून त्यातला भाग वाचून दाखवायची इच्छा आहे. मार्च १९४९ ची चर्चा पूर्ण स्वरूपात कुठे वाचायला मिळेल?