आर्टरी, रोहिणी, धमनी… आणि आत हवा?

बाबांच्या अँजिओग्राफीच्या रिपोर्टात सगळीकडे आर्टरी, मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रोहिणी, हिंदी बातम्यांत धमनी. तिन्ही एकच ना? आणि आर्टरीचा मूळ अर्थ हवेची नळी असं कुठेतरी वाचलं, हे कसं काय, तिच्यात तर रक्त असतं!

— एकच. हृदयाकडून रक्त बाहेर नेते ती रोहिणी, परत आणते ती नीला.

हवेचं म्हणाल तर खरंय ते. ग्रीकमधे आर्तेरिया हे नाव श्वासनलिकेलाही होतं. मेलेलं जनावर फाडलं की नीलांत रक्त साकळलेलं आणि रोहिण्या बऱ्याचशा रिकाम्या, त्यामुळे इ.स.पू. चौथ्या शतकात कोस बेटावरच्या प्राक्सागोरस या ग्रीक वैद्याने ठरवून टाकलं की यांतून प्न्यूमा म्हणजे वायू खेळतो. आता रोहिणी कापली की रक्ताची चिळकांडी उडते हे त्यांनाही दिसत होतंच की, पण पुढे एरासिस्ट्राटस या दुसऱ्या ग्रीक वैद्याकडे त्याचंही उत्तर तयार, म्हणे वायू निसटतो आणि रिकाम्या जागेत नीलांमधलं रक्त घुसतं. काय डोकं चालवलंय! शेवटी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने जिवंत प्राण्याची रोहिणी दोन जागी दोऱ्याने आवळली आणि मधे कापली, आत नुसतं रक्त. नाव मात्र तेच चालू राहिलं.

श्वासनलिकेला आर्तेरिया त्राखेइया म्हणायचे, म्हणजे खरखरीत आर्टरी, कारण तिच्यावर कूर्चेची कडी असतात (कंठाखाली बोट फिरवा, लागतील). त्यातलं विशेषण तेवढं उरलं ते ट्रॅकिया. डोळ्यांचा ट्रॅकोमा, म्हणजे आपल्या खुपऱ्या, तोही यातलाच, पापणी आतून खरबरीत होते म्हणून.

— धमनीतही हवाच आहे की! संस्कृत धम् म्हणजे फुंकणे, भाता मारणे. पोट फुगण्याला वैद्य आध्मान म्हणतात ते पण त्यातलंच.

— हो, म्हणून तर मला मराठीतली जोडी आवडते, रोहिणी म्हणजे तांबडी आणि नीला निळी, रंगावरून नाव दिलं आणि मोकळे झाले. मराठीत लिहिताना उगाच धमनी कशाला घुसवायची?

— मग अथेरोस्क्लेरोसिस? बाबांच्या फाईलवर तेही आहे.

— स्क्लेरोस म्हणजे कडक. आणि अथेरे म्हणजे चक्क पेज, पिठाची लापशी! रोहिणीच्या आत जो चरबीचा थर बसतो त्याच्या पोटात तसलाच पिठूळ लगदा निघतो. मराठी परिभाषेत याला रोहिणीविलेपी विकार असा शब्द आहे, दिसायला अगडबंब पण ज्याने केला त्याला मानलं पाहिजे, कारण आयुर्वेदात विलेपी म्हणजे तांदळाची घट्ट पेजच. कडकपणा गाळला, पेज ठेवली. अर्थात दवाखान्यात हा शब्द कोणी उच्चारणार नाही, तिथे 'ब्लॉकेज आहे' एवढंच.