शब्दचर्चा: स्पॅनिशमध्ये ‘रेफरन्स नंबर’ कसा सांगतात?

प्रश्न

पुढच्या महिन्यापासून पुण्यात एका कॉल सेंटरच्या स्पॅनिश प्रोसेसला लागतेय, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन घ्यायचे. तक्रार नोंदवून झाली की ‘हा तुमचा रेफरन्स नंबर, लिहून घ्या’ हे दिवसातून पन्नास वेळा म्हणावं लागणार. क्लासमध्ये ‘नूमेरो दे रेफेरेन्सिया’ शिकवलं होतं. बोलताना खरंच तेच म्हणतात का? आणि आकडे एकेक सांगायचे की जोडीने?

प्रतिसाद

शब्द चूक नाही, सगळीकडे कळतो. पण ग्राहक कुठल्या देशाचा ते आधी बघा.

मी चार वर्षं मेक्सिकोचे फोन घेतले. पहिल्याच आठवड्यात एका बाईंची तक्रार नोंदवून त्यांना ‘नूमेरो दे रेफेरेन्सिया’ दिला, तर त्या गोंधळून म्हणाल्या, “पण मी पैसे कसले भरायचे?” तिकडे बँकेत किंवा दुकानात भरणा करताना जो नंबर द्यावा लागतो, तो रेफेरेन्सिया. तक्रारीचा असतो तो ‘फोलिओ’. ‘सु नूमेरो दे फोलिओ एस...’ एवढं म्हटलं की पलीकडे पेन शोधल्याचा आवाज येतो.

हाच फोलिओ स्पेनमध्ये नेऊ नका, तिथे फोलिओ म्हणजे कागदाचा ताव. इंटरनेट बंद पडलं वगैरे असेल तर ‘इन्सिदेन्सिया’चा नंबर, सरकारी काम किंवा विमा असेल तर ‘एक्स्पेदिएन्ते’, म्हणजे आपलं ‘प्रकरण’. विमानाच्या तिकिटाचा ‘लोकालिसादोर’ हा आपला पीएनआर.

माझा लाडका शब्द कोलंबियाचा: ‘रादिकादो’. हुबेहूब आपला आवक क्रमांक! ‘रादिकार’चा मूळ अर्थ मूळ धरणं, रुजणं. अर्ज खिडकीत दिला, शिक्का बसला, की तो रुजला. (पुढे उगवतो का, हा प्रश्न तिकडेही आहेच.)

क्रियापदही बघा. ‘ले दोय’ म्हणजे ‘देतो’, चालतं. पण स्पेनमध्ये कॉल सेंटरवाले ‘ले फासिलीतो’ म्हणतात आणि मेक्सिकोत ‘ले प्रोपोर्सिओनो’. फासिलितारचा अर्थ ‘सोपं करणं’ असा पाठ केलेला असतो, म्हणून आपण ते वापरायला बिचकतो. इथे त्याचा अर्थ सरळ ‘देणं’.

प्रतिसाद

आकड्यांबद्दल माझं मत ठाम आहे: एकेक सांगा. स्पेनमधले लोक फोन नंबर जोड्यांनी सांगतात खरे, पण साठ म्हणजे ‘सेसेन्ता’ आणि सत्तर म्हणजे ‘सेतेन्ता’. लाइन खरखरत असेल तर संपलंच. आपण एकोणसाठ-एकोणसत्तरच्या भीतीने इंग्रजीत नंबर सांगतो, तीच गत.

बाकी स्पॅनिश आकडे मराठी माणसाला सोपे वाटायला हवेत. त्रेइन्ता इ उनो, तीस आणि एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा आपण केवढे भांडलो होतो!

खरी गंमत अक्षरांत. ब आणि व यांचा उच्चार एकच, त्यामुळे ‘बे दे बार्सेलोना’, ‘उवे दे वालेन्सिया’ असं गावाचं नाव जोडावं लागतं. मेक्सिकोत ‘बे ग्रान्दे’ आणि ‘बे चीका’, मोठा ब नि छोटा ब. लॅटिन अमेरिकेत एस आणि झेडही कानाला सारखेच. डब्ल्यू तर स्पेनमध्ये ‘उवे दोब्ले’, मेक्सिकोत ‘दोब्ले उ’.

प्रतिसाद

‘लिहून घ्या’ राहिलंच की. ‘तोमे नोता, पोर फावोर’ बरोबर आहे. पण आधी ‘तिएने कोन के आनोतार?’, म्हणजे ‘लिहायला काही आहे का?’ असं विचारा आणि मग जरा थांबा. माणूस गाडी चालवत असतो, हातात पोर असतं. नंबर सांगून झाल्यावर त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या: ‘मे लो रेपीते?’

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. आज विचारून घेतलं, प्रोसेस कोलंबियाची आहे. म्हणजे दिवसभर रादिकादो!

प्रतिसाद

दिवसभर कुठलं? बोगोता आपल्या साडेदहा तास मागे आहे. रात्रपाळीच्या शुभेच्छा.