मे महिन्यातही बेडरूमला कुबट वास, ओल नेमकी कुठली?

तापीकाठ
अमळनेरला तळमजल्याचं घर आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर नऊ इंची विटांचं बांधकाम. मागच्या बेडरूममध्ये कुबट वास येतो, सकाळी दार उघडलं की जास्तच. कपाट सरकवलं तर भिंतीला अडीच फुटांपर्यंत पोपडे, लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) आणि त्यावर काळे ठिपके. भिंतीपलीकडे बाथरूम आहे. रस्त्याकडच्या भिंतीलाही खालून फूटभर ओल दिसते. काँक्रीटचा रस्ता झाल्यापासून अंगण खाली गेलंय. पाऊस थांबून दीड महिना झाला, पण वास मे महिन्यातही होता. मिस्त्री म्हणतो, वॉटरप्रूफ पुट्टी मारून चार फूट टाइल्स लावू. लावाव्या का?

पांझरा
टाइल्स अजिबात नको भाऊ. भिंतीतलं पाणी आतून कोंडलं की वर चढतं आणि टाइल्स संपतात तिथे फुटतं. मग सहा फुटांपर्यंत टाइल्स लावायची वेळ येते.

तुमच्याकडे ओली दोन आहेत, त्यांना एक औषध चालणार नाही. रस्त्याकडची जमिनीतून चढतेय. बाथरूमकडची वेगळी. आपल्याकडच्या ४३-४४ अंशांत जी भिंत सुकत नाही, तिला कुणीतरी रोज पाणी पाजतंय.

आधी नळाची लाइन तपासा. रात्री मोटर बंद, सगळे नळ बंद, गच्चीवरच्या टाकीत पातळीला खडूने खूण करा आणि सकाळी बघा. फ्लशच्या टाकीचा कॉकही बंद ठेवा, नाहीतर तिथून गळणारं पाणी पाइपाच्या नावावर जाईल. पातळी उतरली तर भिंतीतला पाइप गळतोय.

नाही उतरली तर बाथरूमची फरशी. नहाणीत, म्हणजे पाणी जाणाऱ्या जाळीच्या तोंडात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कापड घट्ट ठोका, उंबऱ्याच्या आत इंचभर पाणी भरा, कडेला पेन्सिलने रेघ मारा. शेजारी एका परातीत तेवढंच पाणी ठेवा. चोवीस तासांनी दोन्हींची घट मोजा. परातीत घटलं ते हवेने नेलं, त्याहून जास्त घटलं ते फरशीने प्यायलं. कोरड्या हवेत परात नसेल तर ही चाचणी फसवते.

चुना_कोबा
आणखी दोन गोष्टी बघा. न वापरलेल्या नहाणीच्या ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाकातलं) पाणी उन्हाळ्यात आटतं आणि गटाराचा वास थेट खोलीत येतो. लोक त्याला ओल समजून भिंती फोडतात. तांब्याभर पाणी ओतल्यावर तासाभरात वास गेला तर काम संपलं.

दुसरा संशयित कूलर. समोरची खिडकी बंद ठेवून कूलर चालवला की खोलीतली दमट हवा बाहेर जातच नाही आणि कपाटामागे बुरशी धरते. पावसाळ्यात तर कूलर गारवा देत नाही, नुसता ओलावा देतो. सीझन संपला की टाकी रिकामी करून गवत फेकून द्या, कुजलेल्या गवताचा वास ओलीच्या वासासारखाच असतो.

ओल हवेतली की भिंतीतली, हे ओळखायला पोपडे खरवडून भिंतीवर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली, भिंतीकडच्या बाजूला असतील तर भिंतीतली.

तापीकाठ
टाकीची खूण जागच्या जागी. प्लास्टिकवर थेंब भिंतीकडून. परातीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर घट, बाथरूममध्ये पाऊण इंच! पण पाण्यात केशरी खाण्याचा रंग टाकला होता, तो बेडरूमच्या भिंतीवर कुठेच दिसला नाही.

पांझरा
रंगाचं मनावर घेऊ नका. तो कोब्यात आणि विटेत गाळला जातो. घट खरी.

बहुतेक वेळा गळती नहाणीच्या मानेशी, म्हणजे पाइप फरशीला मिळतो तिथे असते, कारण गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. नहाणीभोवतीची दोन फूट फरशी उचला. मान पॉलिश पेपरने खरबरीत करा, सॉल्व्हेंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचा गोंद) लावून ओलं असतानाच वाळू भुरभुरा, मग भोवती नॉन-श्रिंक (न आकसणारं) ग्राउट ठासा. बेडरूमकडच्या भिंतीचा सांधाही उघडा. त्यावर पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, कोपऱ्यांत फायबरची जाळी. भिंतीवर फूटभर आणि शॉवरपाशी सहा फूट चढवा. उतार नहाणीकडे पाच फुटांत पाऊण इंच. फरशी बसवायच्या *आधी* ४८ तास पाणी कोंडून बघा. मिस्त्री इथे घाई करतात.

बेडरूमचा गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढा, विटांमधल्या दर्जा (सांधे) अर्धा इंच खोल खरवडा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, क्षार विरघळून परत विटेत शिरतात. मग भिंत उघडी ठेवा. सुकायला इंचाला एक महिना हा ढोबळ हिशेब, पण उन्हाळ्याची झळ ते काम लवकर उरकते. एप्रिल-मेपर्यंत थांबा. नंतर १:१:६ सिमेंट-चुना-वाळूचा गिलावा आणि वर चुना. ऑइल पेंट नको.

गिरणा
रस्त्याकडच्या भिंतीसाठी केमिकल इंजेक्शन (ओल अडवणारं औषध भिंतीत भरणं) सुचवणारे भेटतील. विटांच्या भिंतीत जमिनीपासून सहा इंचांवर, चार-चार इंच अंतराने भोकं पाडून ते चालतं. जोत्यातल्या दगडांत पोकळ्या असतात, तिथे औषध वाहून जातं. त्याआधी भिंतीलगतची माती जोत्याच्या माथ्यापासून सहा इंच खाली उतरवा, अडीच-तीन फुटांचा पट्टा घरापासून बाहेर उताराने काँक्रीट करा, आणि रस्त्याचं पाणी अडवायला मध्ये चारी काढा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून पट्टा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत डांबर भरा, सिमेंट नको.

चुना_कोबा
गिलावा काढायच्या आधी बुरशी मारा. कोरड्या ब्रशने घासली की बीजाणू घरभर पसरतात. एन-९५ मास्क, खिडक्या उघड्या, भिंतीवर आधी पाण्याचा फवारा, मग एक भाग ब्लीचच्या द्रावणाला दहा भाग पाणी, पंधरा मिनिटं ठेवून पुसा. बाथरूमचं अ‍ॅसिड त्यात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. लाकडी कपाटाला ब्लीच नको, बोरॅक्सचं पाणी लावून उन्हात टाका. गव्हाची कोठी त्याच खोलीत असेल तर ती आत्ताच हलवा.