मालवण-तारकर्ली : सहा मित्र, दोन रात्री, माणशी साडेसहा हजार. बसेल का?

दादर_पूर्व

आम्ही सहा जण, सगळे मुंबईचे. जानेवारीत शुक्रवारी रात्री निघून मंगळवारी पहाटे परत यायचं, म्हणजे शनिवार-रविवार मुक्काम आणि सोमवारी रात्रीची गाडी. सिंधुदुर्ग किल्ला, देवबागचं त्सुनामी बेट आणि स्कूबा एवढं नक्की करायचंय, बाकी वेळ वाळूत लोळायचं. माणशी साडेसहा हजारांच्या वर जायचं नाही. दोघांना पोहता येत नाही आणि एक जण पक्का शाकाहारी आहे.

अडलेले प्रश्न असे. त्सुनामी बेट बुडालं असं कुणी म्हणतं, तर कुणी तिथले फोटो टाकतं. खरं काय? स्कूबाचे दर पाचशेपासून अडीच हजारांपर्यंत ऐकले, एवढा फरक कशाचा? आणि राहायचं कुठं, मालवण, तारकर्ली की देवबाग?

वेळेचा_तांडेल

हॉटेलं नंतर बघा, आधी पंचांग काढा.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्याला त्सुनामी बेट म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात, म्हणून हे नाव. ओहोटीला पट्टा उघडा पडतो, भरतीला त्याच्यावर पाणी चढतं. भरतीच्या वेळी गेलेला माणूस 'बेट बुडालं' म्हणणारच. होडीवाला भरतीतही नेतो, कारण त्याची फेरी होते. तुम्ही पाण्यात उभे राहून परत येता.

वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. द्वादशीला नऊला भरती, तीनला ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, सकाळी नऊला ओहोटी. दोन्ही पक्षांत तिथ्या एक ते पंधरा अशाच मोजायच्या. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरा आणि आदल्या दिवशी होडीवाल्याला विचारून पक्कं करा. बेटावर ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं, म्हणजे पाणी उतरताना वाळू मोकळी मिळते आणि परत चढायच्या आत निघता येतं.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्यामुळे बेट मोठं दिसतं, पण खाडीच्या मुखाशी ओढही जबरदस्त असते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फारसं हलत नाही. तेव्हा बेट छोटं, पण समुद्र निवळ. स्कूबाला भांगाचे दिवस चांगले, कारण तळाची रेती कमी ढवळते.

संगमावर पोहायला उतरायचं नाही, पोहता येणाऱ्यांनीही नाही. ओहोटी लागली की नदीचं आणि खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं. कमरेएवढ्या पाण्यात उभा माणूस पायाखालची वाळू सरकून आत जातो. अंघोळ तारकर्लीच्या सरळ किनाऱ्यावर करा, तीही गावकरी सांगतील त्या जागी. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, किनाऱ्याला समांतर आडवे जा, ओढ संपली की मग आत या.

किल्ल्यासाठी मालवणच्या जेट्टीवरून होडी मिळते, दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. होडीवाले तासाभरात परत बोलावतात. कुरटे बेटावरचा हा किल्ला ४८ एकरांवर पसरलाय, तटावरून पूर्ण फेरी मारायची तर दोन तास लागतात. चढायच्या आधीच 'नंतरच्या होडीनं येऊ' असं ठरवून घ्या आणि होडीचा नंबर लक्षात ठेवा. दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवलाय की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, ते नीट बघा. बांधकाम १६६४ ला सुरू झालं. आत शिवराजेश्वर मंदिर आहे, चुन्यात उमटलेले हाताचे-पायाचे ठसे आहेत, आणि चहूकडे खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत हाही आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर रांग लागते. सकाळची पहिली-दुसरी होडी पकडा. तटावर सावली नाही.

जाकीट सगळ्यांनी घालायचं आणि बकल लावायचं, नुसतं खांद्यावर टाकायचं नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. मे अखेरीस समुद्र खवळायला लागतो आणि ऑगस्ट अखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंदच असतात. जानेवारीत ती अडचण नाही, पण होडीत माणसं कोंबलेली दिसली तर पुढच्या होडीनं जा.

रूळ_आणि_रस्ता

गाडीबद्दल. कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. कोकणकन्या रात्री सीएसएमटीहून सुटते. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी, आणि इथंच लोक फसतात. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तुतारीचं तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. शुक्रवारचं काढलंत तर गाडी गुरुवारी रात्रीच निघून गेलेली असते.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. शनिवार-रविवारची स्लीपर तिकिटं फार लवकर संपतात. कुडाळपर्यंत प्रतीक्षा यादी दाखवत असेल तर सावंतवाडीपर्यंतचं तिकीट बघा, कधीकधी तिथं जागा असते, उतरायचं कुडाळलाच. परतीचं तिकीट त्याच्या दिवसाच्या हिशोबानं वेगळं उघडतं, ते विसरू नका. ते राहून गेलं तर सोमवारी रात्री खासगी बसवाला म्हणेल ती किंमत द्यावी लागते.

कुडाळ स्टेशन आणि एसटी स्टँड जवळजवळ नाहीत, मध्ये रिक्षा लागते. सहा जण असाल तर स्टेशनवरूनच दोन रिक्षा किंवा एक मोठी गाडी थेट मालवणला ठरवा. सामानासकट एसटीनं वाचणारे पैसे सकाळच्या दोन तासांपुढे काही नाहीत.

पाण्याखालचा_माणूस

स्कूबाचा दर तीन गोष्टींवर ठरतो. एका प्रशिक्षकामागे किती माणसं, प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं, आणि आधी उथळ पाण्यात सराव देतात की नाही. पाचशेवाल्यात होडीत वीस-पंचवीस जण, सराव नाही, आणि पाण्यात पाचेक मिनिटं. व्हिडिओ मिळतो, बाकी काही दिसत नाही. पैसे भरण्याआधी या तीन गोष्टी तोंडी विचारा. स्वतंत्र प्रशिक्षक आणि पंधरा मिनिटं मिळत असतील तर हजार-दीड हजार जास्त नाहीत. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, तिथं दर चढा असतो पण शिस्त असते.

ज्यांना पोहता येत नाही त्यांनाही हे जमतं, कारण प्रशिक्षक मागून टाकी धरूनच असतो. घाबरायला होतं ते तोंडानं श्वास घ्यायच्या सवयीमुळे. होडीतच मास्क लावून दोन-तीन मिनिटं नुसता तोंडानं श्वास घेत बसा. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, हा एकच नियम खरा जिवावरचा.

कान दुखण्याची तक्रार सर्रास असते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि ते दुखायला लागल्यावर नाही तर त्याआधीच, दर हातभर खाली गेल्यावर. तरी दुखलं तर खूण करून थोडं वर या. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरूच नका. नाक चोंदलेलं असलं की दाब जुळत नाही आणि पडद्याला इजा होते. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन झालेले यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आदल्या रात्रीची पार्टी बेतानं.

खुणा नीट शिका. अंगठा वर म्हणजे 'मला वर ने'. सगळं ठीक आहे हे दाखवायला अंगठा आणि तर्जनीची गोल कडी करायची. उत्साहात अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक निमूट वर आणतो आणि त्याचे पैसे तिथंच संपतात.

मिशीवाल्यांचा मास्क गळतो. केसांमुळे रबर त्वचेला चिकटत नाही, म्हणून वरच्या ओठावर थोडं व्हॅसलिन लावा.

सकाळी लवकरची वेळ घ्या. दुपारी खारे वारे सुटतात, लाटा उठतात आणि पाणी गढूळ होतं. खाली गेल्यावर प्रवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही. इथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि परतीला कुणी गोव्याहून विमानानं जाणार असेल तर स्कूबा त्याच दिवशी नको, मध्ये एक रात्र जाऊ द्या.

पॅरासेलिंग वगैरेचं पॅकेज गळ्यात मारतील. बजेट आवळायचं असेल तर ते पहिलं कापा.

दादर_पूर्व

तुतारीच्या तारखेचं कळलं ते फार बरं झालं. मुक्काम आणि जेवणाचं कुणी सांगेल का? आणि एकूण हिशोब?

काळा_वाटाणा

मालवण गावात राहिलात तर जेट्टी, बाजार, एटीएम, खानावळी पायी. तारकर्लीत दार उघडलं की वाळू, पण रात्री नऊनंतर जेवण शोधावं लागतं. माझं मत तारकर्ली, घरगुती निवासात दोन खोल्या, तिघा-तिघांत. एसी घेऊ नका, जानेवारीत रात्री पंख्यावर भागतं. फोनवर बोलताना तिसऱ्या गादीचे पैसे वेगळे का ते विचारा.

फिरायला मालवणात तीन दुचाकी भाड्यानं घ्या. परवाना मूळ प्रत ठेवा. गाडी वाळूत उतरवू नका. चाक रुततं आणि काढायला येणारा ट्रॅक्टर दिवसाचं भाडं खातो.

हिशोब माणशी असा धरा. रेल्वे स्लीपर जाऊन-येऊन ८००, स्थानिक प्रवास आणि पेट्रोल ५००, खोली दोन रात्री १२०० (खोली १८०० नं), जेवण-न्याहारी २१००, स्कूबा १२००, किल्ला १५०, बेटाची होडी सहा जणांत वाटून ३५०. झाले ६३००. सलग सुट्टी जोडून आली तर खोलीचा आकडा सहज दीडपट होतो, २६ जानेवारीला जोडून येत असाल तर विचार करा.

पैसे वाया जातात ते माशात. पाटीवर सुरमई आणि पापलेट थाळीचे दर बघून लोक तेच मागतात. बांगडा, सौंदाळे, तिसऱ्यांचं सुकं यांत निम्म्यात जेवण होतं आणि चवीला काही कमी नाही. सुरमई हवीच असेल तर बाजारातून अख्खी घ्या, घरगुती खानावळीत विचारा, बनवणावळ घेऊन करून देतात. जेवण काय आणि किती जणांचं ते सकाळीच सांगून ठेवायचं. ऐन वेळी सहा जण जाऊन बसलात तर तासभर बसाल.

शाकाहारी मित्राची आबाळ होणार नाही. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी, न्याहारीला घावणे, सोलकढी. फक्त 'कढई-पळी वेगळी हवी' असं असेल तर तसं स्पष्ट सांगा. नाहीतर त्याच तव्यावर होतं.

देवबाग_रोड

तारकर्लीबद्दल सहमत. देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, जागा देखणी. पण किनारा बऱ्याच ठिकाणी खचलाय, दगडी बंधारा आहे, लोळायला वाळू कमी. रस्ता अरुंद, रविवारी दुपारी गाड्या अडकून पडतात. दुचाकीनं सकाळी जा.

आणखी एक. आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा पंचांगातल्या ठरलेल्या तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते. सहसा फेब्रुवारी-मार्च, पण बेत पुढं ढकलणार असाल तर आधी ती तारीख बघा. त्या दिवसांत रेल्वे, एसटी, खोल्या, काहीच मिळत नाही.

दादर_पूर्व

पंचांग पाहिलं. आमच्या रविवारी नेमकी पौर्णिमा येतेय. म्हणजे स्कूबाचं वाटोळं?

वेळेचा_तांडेल

वाटोळं नाही, क्रम बदला. शनिवारी चतुर्दशी, भरती साडेदहाच्या सुमाराला, ओहोटी साडेचारला. तेव्हा त्याच दुपारी साडेतीनला बेटावर. उधाणाची ओहोटी असल्यानं वाळू भरपूर मिळेल, फक्त सूर्य बुडायच्या आत निघा.

रविवारी भरती सव्वाअकराच्या आसपास. स्कूबाची वेळ दहाची घ्या. भरतीच्या शेवटी पाणी थबकतं आणि बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, उधाणातल्या दिवसात त्यातल्या त्यात तीच वेळ बरी. 'दुपारी दोनला करू, गर्दी नसते' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तेव्हा ओहोटीची ओढ आणि वारा दोन्ही असतात.

सोमवारी सकाळी किल्ला. रविवारची गर्दी ओसरलेली असते. दुपारी जेवून सामान बांधा, दुचाक्या परत करा आणि कुडाळची गाडी पाचला दाराशी बोलवा. कुडाळला वेळ उरला तर स्टेशनाबाहेरच खाऊन घ्या.